बिनसीझनचं बोलावणं

६ जानेवारी

तुला,

आशीर्वाद वगैरे नंतर बघू. आधी कामाचं.

तुझं बोलावणं पोचलं. भुंगीनं कॉम्प्युटरवर फोटो दाखवले. समुद्र, त्याच्या काठाला तुझं ते पाहुण्यांचं घर, नऊ खोल्या, निळी दारं. आणि सगळ्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवलेल्या. मी विचारलं, "कुणी गेलंय का त्या घरात?" तर म्हणते, "आजी, सीझन नाहीये. आपण एप्रिलमध्ये जायचं. थंडी सरलेली असते आणि गर्दी सुरू झालेली नसते. आई म्हणते, तेव्हाच तिला वेळ असतो."

म्हणजे गिऱ्हाईक असेल तेव्हा खोल्या गिऱ्हाइकाला आणि नसेल तेव्हा आईला. वा. तीस वर्षं लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी धुतल्या मी. सीझन म्हणजे काय हे तुझ्याआधी मला ठाऊक आहे. बिनसीझनला आम्ही फाटक्या चादरींचा ढीग काढायचो, रफू करायला. त्या ढिगात मला घातलंस.

हे पत्र वरच्या मजल्यावरचे स्टेनो लिहून घेतायत. कोर्टात चाळीस वर्षं साक्षी उतरवल्या त्यांनी. आता रिटायर झालेत. त्यांना बोलणारं कुणी नाही आणि मला लिहिणारं. भुंगीला सांगितलं असतं तर तिनं मध्ये मध्ये साखर पेरली असती. हा माणूस काही पेरत नाही. मान खाली घालतो आणि पेन चालवतो.

फोन मी करणार नाही. फोनवर तू बोलतेस. सतरा वर्षांपूर्वी बोललीस तेवढं पुरे झालं. "अडाणी बाईच्या हातात पोर दिली, चूक माझीच." शब्द न् शब्द लक्षात आहे. हो बाई, अडाणी. अंगठ्याला काय कळतं? दाखवलं तिथे उमटला. ही गोष्ट तू इतक्यांना सांगितलीस की आता भुंगीसुद्धा हसत हसत सांगते, आजीनं चुकून भलतीकडे अंगठा दिला म्हणून मी इथे राहिले. त्यानंतर तू तीन वेळा आलीस, तिन्ही वेळा हॉटेलात उतरलीस. पोरीला तिकडे बोलावून घेतलंस, माझा उंबरा ओलांडला नाहीस. आणि आता मी समुद्र ओलांडून यायचं.

येईन. पण माझी एक अट आहे. भुंगी माझ्याबरोबर येणार आणि माझ्याबरोबर परत येणार. जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही तिकिटं एकदम काढायची. एवढं कागदावर लिही, सही कर आणि पाठव. तुझा डाव कळत नाही असं समजू नकोस. पोरगी कवळ्या बनवते, हात सोन्याचा आहे, आणि बोळकी माणसं तुमच्याकडेही असणारच. समुद्र दाखवायचा, एक खोली दाखवायची आणि म्हणायचं, राहा की.

स्टेनो, हे लिहू नका. ती तिकडेच राहिली तर संध्याकाळी सहाला या दारात किल्ली फिरायची नाही. जिन्यापासून गुणगुणत येते, म्हणून तर भुंगी. आणि माझे गुडघे गार वाऱ्यात आखडतात, त्याचीही भीती वाटते, पण तिला कशाला सांगायचं? लिहू नका म्हटलं ना, मग पेन कसं चाललंय? रेघ मारताय होय. मारा.

कागद पाठव.

तुझी आई, नाइलाजानं.


२९ जानेवारी

तुला,

कागद मागितला तर उपदेश पाठवलास. "तेवीस वर्षांच्या मुलीबद्दल कोण कुणाला लिहून देणार? तिचं ती ठरवेल." स्टेनोंनी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मावशी, कायद्यानं त्यांचं बरोबर आहे." मी म्हटलं, "तुम्हाला कायदा विचारला नाही, पेन चालवा."

दुसरं, तू लिहिलंयस की माझ्या गुडघ्यांना वारा सोसणार नाही म्हणून हीटर दुरुस्त करून घेतलास. माझे गुडघे तुला कुणी सांगितले? भुंगीच सांगत असणार. घरातलं सगळं तिकडे पोचतं. चुगलखोर आईवर गेलीय.

आता सहलीचं ऐक. रोज रात्री जेवण झालं की ती समोर बसते आणि वाचते. बोटी मे महिन्यापर्यंत बंद. आइस्क्रीमचं दुकान बंद. म्युझियम फक्त शनिवारी, तेही दोन तास. पाणी इतकं गार की पाय घालता येत नाही. मी विचारलं, "मग तिथे करायचं काय?"

"चालायचं, आजी. काठाकाठानं."

"चालायला इतक्या लांब जायचं? जिना काय वाईट आहे?"

"तिथे हवा चांगली असते."

"हवेसाठी व्हिसा?"

हसली. ती हसली की माझी अर्धी हत्यारं गळून पडतात, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

कोट आणलाय माझ्यासाठी. घातला की मी दोरीनं बांधलेल्या गादीसारखी दिसते. बाही लांब होती, ती मी उसवून आखूड केली. त्यावर ती म्हणाली, "आजी, दुकानात करून दिली असती." दुकानातल्या टाक्यांची तारीफ मला सांगते!

पण मला एक कळलंय. मला तिनं सांगितलं, आठ दिवसांची रजा टाकलीय. काल तिचा मालक, कवळ्यांचा डॉक्टर, भाजीवाल्याकडे भेटला. म्हणाला, "आजीबाई, तीन आठवडे ती नाही म्हणजे माझे पेशंट उपाशी." तीन आठवडे! माझं तिकीट आठ दिवसांचं. म्हणजे मला परतीच्या विमानात कोंबायचं आणि तुम्ही मायलेकींनी मागे राहायचं, असं ठरलंय. कधी ठरवलंत? मी भांडी घासत होते तेव्हा?

मी तिला विचारलेलं नाही. हे लिहू नका, स्टेनो. विचारलं आणि ती हो म्हणाली तर पुढे काय बोलायचं ते मला येत नाही.

(सांगणाऱ्या बाई उठून गॅस बंद करून आल्या.)

तुला वाटत असेल म्हातारी घाबरली. घाबरली नाही. सावध झालीय. तू पोर ठेवून गेलीस तेव्हा ती पाच वर्षांची होती. "एकच वर्ष, आई," म्हणालीस. कोर्टात जाऊन मला पालक केलंस, शाळेत नाव घालायला अडचण नको म्हणून. ताप आला तेव्हा मी होते. दात पडले, आले, मी होते. तू फोटोत होतीस. आता तयार झालेली पोर न्यायला बरी आठवण झाली.

व्हिसाचं बारा तारखेला आहे. जाते. त्यांना नाही म्हणायची बुद्धी होवो.

तुझी आई.


१२ फेब्रुवारी

तुला,

तुमच्या त्या व्हिसाच्या ऑफिसात आज अर्धा दिवस गेला. काचेची दारं, पायाला गिळगिळीत वाटणारा गालिचा आणि टोकन. आमचा नंबर एकशे सोळा. नव्वदीत आकडा अडकून बसला तो तासभर हलेना.

मजा सांगते. तिथे सगळ्यांनाच बोटं टेकवायला लावतात. टाय लावलेला एक साहेब माझ्या पुढे होता, हातात जाड पुस्तक. त्यालाही म्हणाले, चार बोटं इथे ठेवा, आता अंगठा. मी मोठ्यानं म्हटलं, "काय हो, एवढे शिकलात आणि शेवटी अंगठाच?" भुंगीनं मला कोपरानं ढोसलं. साहेब बिचारा हसला.

मग माझी पाळी आली. काचेच्या पलीकडची मुलगी म्हणाली, "आजी, दाबा." दाबलं. "अजून दाबा." दाबलं. बोटं पुसून झाली, ओली करून झाली. मशीन लाल दिवाच दाखवतंय. ती म्हणाली, "तुमच्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात. काय काम करायचात?"

"चादरी धुवायचे. सोड्याच्या पाण्यात."

"अंगठासुद्धा उमटत नाहीये."

भुंगी म्हणाली, "अरे वा! आजी, म्हणजे आता तुला कुठेच चुकून अंगठा देता येणार नाही."

ती गंमत करत होती. तिच्या आवाजात काहीसुद्धा नव्हतं. पण मला घाम फुटला. त्या मुलीनं पाणी दिलं, मॅनेजरला बोलावलं, त्यानं कसलासा शेरा मारला आणि आम्हाला सोडलं. व्हिसा मिळेल म्हणतात. तुझं नशीब.

स्टेनो, थांबा जरा. आता हे लिहू नका. तुम्ही कोर्टातले आहात म्हणून तुम्हाला सांगते. तेव्हा माझा अंगठा पहिल्या दाबात उमटला होता. सगळ्या रेषा दिसत होत्या, कारकुनानं फुंकर मारून वाळवला. आणि कागद वाचून दाखवला होता मला. दोनदा. तुम्ही मघाशी म्हणालात ना, अंगठा घ्यायच्या आधी वाचून दाखवावंच लागतं. तसंच झालं. कुणालाही माहीत नाही हे. मला वाचून दाखवलेलं आवडत नाही ते तेव्हापासून. म्हणून तर तुमच्याकडूनही मी माझी पत्रं वाचून घेत नाही, सांगते आणि सोडून देते.

(सांगणाऱ्या बाईंनी पाणी मागितले.)

हं. लिहा आता. तिला लिहा की विमानतळावर स्वतः यायचं, नोकर पाठवायचा नाही.

तुझी आई.


६ मार्च

तुला,

तुझं पाकीट आलं. स्टेनोंनी उघडलं, कागद उलटा केला, सुलटा केला. मी म्हटलं, "वाचा की." ते म्हणाले, "मावशी, एकच शब्द आहे."

"कोणता?"

"दोनदा? पुढे प्रश्नचिन्ह आहे."

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. तेव्हा या माणसाच्या अंगावर मी हातातली वाटी फेकली. लागली नाही, नेम पूर्वीसारखा राहिला नाही.

"लिहू नका म्हटलं होतं मी!"

"हो. तेही लिहिलंय. 'हे लिहू नका' असं."

"म्हणजे पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. चाळीस वर्षं साक्षीदार म्हणायचे, साहेब हे लिहू नका. तेसुद्धा लिहावं लागायचं. आपण गाळायचं ठरवलं की साक्ष आपली होते. मला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येत नाही, मावशी. आणि तुम्ही एकदा जरी वाचून दाखवा म्हणाला असता..."

तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जिन्यात दिसले की पदर झटकून जायचे. आज मीच बोलावलंय. दुसरं आहे कोण? भुंगीला सांगू हे लिहायला?

तर लिहा. आज एकदाही नको म्हणणार नाही.

तू गेल्याला वर्ष झालं होतं. तुझा कागद आला की तिकडे खोली मिळाली, नोकरी पक्की झाली, पोरीला पाठव. त्यासाठी पालकाची संमती हवी होती. मी लाँड्रीतून अर्धी रजा काढली, तिला घेऊन गेले. तिला बाहेर बाकावर बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला. पाय हलवत बसली होती. आत कारकुनानं वाचलं. मुलीला तिच्या आईकडे परदेशी पाठवण्यास माझी संमती आहे, किंवा नाही. त्यानं विचारलं, "बाई, यातलं काय?"

मी म्हटलं, "नाही."

चांगला माणूस होता. पेन खाली ठेवलं. म्हणाला, "घाई करू नका. मुलीची आई वाट बघत असेल. मी पुन्हा वाचतो, नीट ऐका." पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा सावकाश. मी म्हटलं, "ऐकलं. नाही."

मग अंगठा दिला.

बाहेर आले तर पोरीनं विचारलं, "कधी जायचं?" मी सांगितलं, "आई म्हणते, अजून थोडं थांब."

हे मी तुझ्या तोंडी घातलेलं वाक्य आहे. त्या दिवशी घातलं आणि पुढे किती वर्षं घालत राहिले, त्याला हिशेब नाही. तुझी मुदत टळली, तू पुन्हा अर्ज केलास, तोवर तिथले नियम बदलले, हे सगळं मी फोनवर ऐकत होते. तू रडत होतीस. मी म्हटलं, मला काय कळतंय बाई, बोट ठेवलं तिथे अंगठा दिला. तेव्हा तू अडाणी म्हणालीस आणि मी फोन आपटला. सतरा वर्षं सगळ्यांना वाटतं, त्या शब्दानं माझा अपमान झाला. उलट त्या शब्दानं मी सुटले. पुढे बोलत राहिले असते तर तू आणखी विचारलं असतंस.

राग होता असं मी स्वतःला सांगत आले. पोर टाकून गेली, आता भोग म्हणावं. राग होता, पण राग कारण नव्हता. मला पोर हवी होती. चादरींचा वास घेऊन घरी यायचे आणि ती पळत येऊन त्याच हातांना नाक लावायची. बस, एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. याहून मोठं कारण मी तीन दिवस शोधलं, सापडलं नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू द्यावी की नाही या घोरात पडशील आणि मीच पुन्हा मधे येईन. पण एक काम कर. तो शब्द परत घे. हवं तर दुसरा शोध, याहून वाईट शोध, तुझ्याकडे कमी नसतील. अडाणी मी नव्हते. मला सगळं समजलं होतं.

स्टेनो, वाचून दाखवा. पहिल्यापासून.

(संपूर्ण मजकूर वाचून दाखवला. सांगणाऱ्या बाईंनी "भोग म्हणावं" येथे थांबवले, पुन्हा वाचायला लावले आणि "राहू द्या" म्हणाल्या.)


२ एप्रिल

तुला,

हे पत्र भुंगी घेऊन येतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत तिनं वाचलं तर वाचू दे.

तुझं उत्तर चार ओळींचं. "तो शब्द परत घेतला. दुसरा अजून सापडलेला नाही. भुंगीला मी सांगणार नाही, तू सांग. समुद्राकडची खोली तुझ्यासाठी ठेवली आहे." ही शेवटची ओळ तू माणुसकीनं लिहिलीस की मला छळायला, ते स्टेनोंनाही सांगता आलं नाही.

सांगितलं मी तिला. रविवार होता. ती ओट्याशी चहा गाळत होती. मी स्टुलावर बसले आणि कारकुनापासून बिस्किटांपर्यंत सगळं सांगितलं. गाळणं तिच्या हातात तसंच, थेंब ओट्यावर पडत होते. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे आई थांब म्हणाली नव्हती?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

ओटा पुसला, चहा माझ्यासमोर ठेवला आणि चपला घालून बाहेर गेली. तिचा कप तसाच राहिला. तेव्हापासून घरात गुणगुणणं बंद आहे. किल्ली सहालाच फिरते, पण त्याआधी जिन्यात काही ऐकू येत नाही, त्यामुळे रोज दचकते मी. वेळेवर गोळ्या देते, गुडघ्याला तेल लावून देते. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणं मला जमतं.

पाचव्या दिवशी तिनं तिकीट बदललं. परवा निघतेय, एकटी. म्हणाली, "मला आईशी आधी एकटीनं बोलायचंय. तुझं तिकीट वीस तारखेचंच आहे. विमानतळावर चाकाची खुर्ची सांगितलीय, माणूस शेवटपर्यंत सोबत असेल. यायचं की नाही ते तू बघ."

परतीचं तिकीट काढलं का, हे मी विचारलं नाही. तीन आठवडे की तीन महिने की कायमचं, तेही विचारलं नाही. जीभ सारखी वळवळत होती. काल बॅग भरताना माझ्या हातून घड्या करून घेतल्या तिनं, तेव्हा तर अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. ती अट मी पहिल्या पत्रात घातली होती, ती मागे घेते. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. एकदा मी तिच्या वतीनं नाही म्हटलंय, आता तिच्या वतीनं मला काही म्हणायचं नाही.

तुझ्यावरचा राग संपलाय असं समजू नकोस. तीन वेळा येऊन उंबरा ओलांडला नाहीस, तो आहे. हीटरचं लिहिलंस त्यात, 'बघ, मला सगळं कळतं' असा जो तोरा होता, तोही आहे. ते सगळं मी घेऊन येणार आहे, कोटाच्या खिशातून.

येणार आहे म्हणजे येणारच. घाबरून घरी बसली असं तुला म्हणता येऊ नये म्हणून तरी.

मात्र समुद्राकडची खोली मला नको. तुझ्या खोलीच्या शेजारची दे. अंधारी असली तरी चालेल, भिंत पातळ असली तर उत्तम. या सगळ्या पत्रांत एकटी मी बोललेय. त्याआधी फोन मी आपटला, त्याआधी कागदावर तुझ्या पोरीचं मीच ठरवलं. सतरा वर्षांत तुझं पुरतं बोलणं मी एकदाही ऐकलेलं नाही. आठ दिवस आहेत. गिऱ्हाईक नाही, शेजारची दुकानं बंद, हवं तेवढ्या मोठ्यानं ओरड, कुणी विचारायला येणार नाही. बहुतेक मी मधे मधे तोंड घालीन, सवय आहे. तेव्हा लाँड्रीतला मुकादम म्हणायचा तसं म्हण, "ए म्हातारे, गप्प बस."

बसेन.

तुझी आई